बर्लिनचे मित्र आणि वर्ध्याची गाडी

बी.एड.च्या वर्षी डॉ. झाकिर हुसेन आम्हाला अडीच ओळींत भेटले. ‘वर्धा शिक्षण योजना, १९३७. समितीचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन. योजनेची वैशिष्ट्ये लिहा.’ प्रश्न हमखास येणारा, म्हणून सगळ्यांना पाठ. उर्दू शाळेतून आलेल्या आम्हा मुलींना हे नाव तसं ओळखीचं होतं. १९६७ मध्ये राष्ट्रपती झालेले, देशाचे पहिले मुस्लिम राष्ट्रपती, एवढं सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात होतं. पण हा माणूस शिकायला जर्मनीत का गेला, तिथे त्याला कोण भेटलं, आणि आमच्या विदर्भात येऊन त्याने नेमकं काय सांगितलं, हे आम्ही कुणी विचारलं नव्हतं. विचारावंसं वाटलं ते एका दिवसामुळे, आणि तो दिवस कुणी आखलेला नव्हता.

आधी बर्लिनचं सांगते. १९२० मध्ये अलीगढला जामिया मिलिया इस्लामिया सुरू झाली. सरकारी मदतीवरचं कॉलेज सोडून जे तरुण तिच्यात आले, त्यांत झाकिर हुसेन होते. १९२२ मध्ये ते अर्थशास्त्रात पीएच.डी. करायला बर्लिनला गेले. महायुद्धात हरलेला देश. १९२३ मध्ये तिथे महागाई अशी भडकली की नोटांना रद्दीची किंमत राहिली नाही. त्या शहरात त्यांना दोन दोस्त मिळाले. एक आबिद हुसेन, शिक्षण आणि तत्त्वज्ञान शिकणारे. दुसरे मोहम्मद मुजीब, ऑक्सफर्डला इतिहास शिकून बर्लिनला छपाई शिकायला आलेले. गेर्डा फिलिप्सबोर्न नावाची ज्यू तरुणी या तिघांची मैत्रीण झाली. तिच्या संगतीत त्यांनी शहर पाहिलं, नाटकं पाहिली, संगीत ऐकलं.

बर्लिनमध्ये कावियानी नावाचा एक छापखाना होता. फारसी छपाईची सोय असलेला. तिथे १९२५ मध्ये मिर्झा ग़ालिबच्या दीवानाची एक छोटी, देखणी आवृत्ती निघाली. ती झाकिर हुसेन यांनी काढली, आणि तिच्यासाठी खिळे जुळवण्याचं कामही त्यांनी स्वतः शिकून केलं. पीएच.डी.चा विद्यार्थी छापखान्यात उभा राहून एकेक अक्षर उचलतोय, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. हे काम त्यांच्या अभ्यासक्रमात नव्हतं. त्याचे गुण मिळणार नव्हते.

१९२६ मध्ये तिघे मिळून परत आले ते थेट जामियात. तोवर जामिया अलीगढहून दिल्लीला आली होती आणि पैशाअभावी बंद पडायच्या बेतात होती. झाकिर हुसेन कुलगुरू झाले, १९४८ पर्यंत राहिले. तिथल्या शिक्षकांच्या एका गटाने तर शपथच घेतली की वीस वर्षं जामिया सोडणार नाही आणि महिना दीडशे रुपयांहून जास्त पगार घेणार नाही. गेर्डाही पुढे दिल्लीला आली, जामियातल्या लहान मुलांमध्ये राहिली. मुलं तिला आपाजान म्हणत. १९४३ मध्ये ती वारली. तिची कबर जामियाच्या कब्रस्तानातच आहे.

आता आमच्या दिवसाकडे येते. साल २०१२, थंडीचे दिवस. मी कामठीहून रोज नागपूरला कॉलेजला जायची. आम्ही चौघी मैत्रिणी. दोघी कामठीच्या, एक मोमिनपुऱ्याची आणि एक आर्वीची. आर्वीची तेवढी मराठी माध्यमाची, बाकी तिघी उर्दूच्या. एका शनिवारी सकाळी कळलं की आज पाठ होणार नाहीत. आर्वीवाली म्हणाली, मग मी घरी जाते. तिला सोडायला आम्ही स्टेशनवर गेलो. वर्ध्याकडे जाणारी पॅसेंजर उभीच होती. ती म्हणाली, “चला ना गं तुम्ही पण. सेवाग्राम पाहून संध्याकाळी परत या.”

वाचकहो, आपल्याकडे मुलीने घराबाहेर पडायचं तर कारण लागतं. कॉलेज हे कारण चालतं. दवाखाना चालतो, लग्नकार्य चालतं. ‘सहज’ हे कारण चालत नाही. मुलगा मित्रांबरोबर उठून ताजबागला जातो, रामटेकला जातो, रात्री उशिरा येतो. त्याला कुणी काही विचारत नाही. मी फलाटावरूनच अब्बांना फोन लावला. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. “साथ में कौन-कौन है?” मी सांगितलं. “मगरिब से पहले आ जाओगी?” मी हो म्हटलं. थोडा वेळ तिकडून फक्त मागाचा आवाज येत राहिला. मग म्हणाले, “जाओ बेटा. कुछ खा लेना.”

अजनी, खापरी, बुटीबोरी, सिंदी. नावं वाचत वाचत गाडी चालली. डब्यात संत्री विकायला आली, आम्ही घेतली. कापसाची शेतं वेचणीला आलेली होती. नागपूर ते वर्धा हे अंतर ऐंशी किलोमीटरही नाही, पण आम्हा तिघींपैकी एकीनेही वर्धा पाहिलं नव्हतं. परीक्षेत वर्धा योजनेवर दोन पानं लिहिणाऱ्या मुली आम्ही!

वर्ध्याहून सेवाग्राम आठ किलोमीटर. ऑटोने गेलो. बापू कुटी पाहिली. माती, बांबू आणि कवेलूचं घर. व्हाइसरॉयशी बोलण्यासाठी सरकारने बसवलेला टेलिफोन पाहिला. मग ‘नई तालीम’ अशी पाटी दिसली तेव्हा आर्वीवाली हसायला लागली. म्हणाली, “आमच्या मराठीत तालीम म्हणजे पैलवानांची.” आम्ही म्हटलं, आमच्यात तालीम म्हणजे शिक्षण. शब्द एकच. एकीकडे शरीर घडतं, दुसरीकडे बुद्धी. गांधीजींना बहुधा दोन्ही अर्थ एकाच घरात हवे होते.

आश्रमातल्या एका ताईंनी आमच्या हातात टकळी दिली. कुणालाच जमेना. सूत जाड-बारीक निघायचं आणि तुटायचं. मी विणकराच्या घरातली, पण मलाही कातता येत नव्हतं. विणकराकडे सूत तयारच येतं. घरातल्या बायका-मुलींनी नऱ्या भरायच्या आणि बाप्यांनी माग चालवायचा. मात्र तुटलेला धागा जोडायला मला विचार करावा लागला नाही. बोटांनी तो आपोआप जोडला. ताईंनी पाहिलं आणि विचारलं, “हे कुठे शिकलीस?” मी म्हटलं, “घरी.” त्या म्हणाल्या, “मग तुला इथलं निम्मं येतं.”

मला काही बोलता आलं नाही. कारण आमच्या घरात शिक्षणाचा अर्थच धाग्यापासून सुटका असा होता. मी नऱ्या भरायला बसले की अब्बा उठवायचे. म्हणायचे, “तेरे हाथ में किताब अच्छी लगती है, धागा नहीं.” कामठीतले हातमाग एकेक करून बंद पडताना त्यांनी पाहिले होते. ज्या कामाने त्यांची पाठ वाकली, तेच काम इथे शिक्षण म्हणून भिंतीवर लिहिलेलं होतं. माझी कामठीची मैत्रीण कानात कुजबुजली, “गरिबाच्या पोरांनी शाळेत पण सूतच कातायचं का?”

तिचा प्रश्न घेऊन मी परत आले आणि मग वाचत गेले. तेव्हा कळलं की हाच प्रश्न वर्ध्यात १९३७ मध्येच विचारला गेला होता. २२ आणि २३ ऑक्टोबरला वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष स्वतः गांधीजी. त्यांचं म्हणणं होतं की मुलांनी हस्तोद्योगातून शिकावं आणि त्या उद्योगातून शाळेचा खर्चही निघावा. समोर देशभरातले शिक्षणतज्ज्ञ बसलेले. त्यात झाकिर हुसेन उभे राहिले. कामातून शिक्षण ही कल्पना शिक्षकांना नवी नाही, असं त्यांनी नम्रपणे सांगितलं. जर्मनीत म्युनिकचे केर्शेनश्टायनर हाच विचार मांडत होते आणि झाकिर हुसेन यांच्यावर त्यांचा प्रभाव होता. पुढे त्यांनी धोका सांगितला. शाळेने स्वतःचा खर्च काढावा यावरच भर दिला, तर शिक्षक मुलांकडून राबवून घेतील आणि गरीब मुलांच्या श्रमाचं शोषण होईल.

गांधीजींच्या समोर, गांधीजींच्या योजनेवर! आणि गांधीजींनी काय केलं? योजना तयार करणाऱ्या समितीचं अध्यक्षपद याच माणसाकडे दिलं. समितीत विनोबा, काका कालेलकर, कुमारप्पा, आर्यनायकम, आशादेवी, सैय्यदैन असे लोक होते. २ डिसेंबर १९३७ ला अहवाल सादर झाला. सात वर्षांचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, तेही मातृभाषेत. आम्हा उर्दूवाल्यांना हा शेवटचा शब्द किती मोलाचा आहे, हे वेगळं सांगायला नको.

पण त्यातलं रोजचं वेळापत्रक वाचलं आणि मी थबकले. शाळा साडेपाच तास. त्यात मूळ उद्योगाला ३ तास २० मिनिटं आणि मातृभाषेला ४० मिनिटं. विणकराच्या मुलीला हे वाटप आजही जड जातं. योजनेला मुसलमानांमधून विरोधही झाला. मुस्लिम लीगने ती नाकारली. आमच्या मध्य प्रांतात सरकारने आपल्या शाळांना ‘विद्यामंदिर’ नाव दिलं आणि वाद नावावरच अडकला. सूत कोण कातणार आणि का, हा खरा प्रश्न मागे पडला.

मला त्याचं उत्तर अहवालापेक्षा बर्लिनच्या छापखान्यात जास्त दिसतं. हाताचं काम तेच. पोटासाठी, दुसरा मार्ग नाही म्हणून केलं तर ती मजुरी. ग़ालिबवरच्या प्रेमापोटी, चार दोस्तांच्या संगतीत, स्वतः निवडून केलं तर ती तालीम. ज्याने हा फरक अनुभवला होता, तोच वर्ध्यात उभा राहून धोका सांगू शकला. आणि तो अनुभव त्याला विद्यापीठाच्या वर्गात मिळाला नव्हता. अनोळखी शहरात, मोकळ्या वेळेत मिळाला होता. आपल्या मुलींना पदवी आपण आता देतो आहोत, अल्लाहचे आभार. ती मोकळी वेळ मात्र अजून देत नाही.

आमच्या चौघींचं पुढे काय झालं तेही सांगते. आर्वीची जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली. मोमिनपुऱ्याची घरी शिकवण्या घेते. कामठीच्या मैत्रिणीने बी.एड. पूर्ण केलं, पण लग्नानंतर तिला शिकवता आलं नाही. मी पारशिवनीला आले. पेंचच्या काठचं, संत्र्याच्या बागांचं हे तालुक्याचं गाव. माझ्या वर्गात गवंड्याची, शिंप्याची, गॅरेजवाल्याची मुलं आहेत. कार्यानुभवाच्या तासाला पूर्वी बाजारातून आणलेली कागदी फुलं यायची. आता मी एकेका मुलाच्या वडिलांना बोलावते. शिंपी येतात, फीत घेऊन मापं सांगतात आणि मुलं त्यातून अपूर्णांक शिकतात. सगळं उर्दूत. नंतर तेच मुलं मराठीत लिहितात. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा सांगितली आहे, त्याचाही आधार मिळतो.

गेल्या वर्षी सातवीच्या मुलींना घेऊन सेवाग्रामला जायचं ठरवलं. संमतीपत्रं वाटली. एक वडील पत्र घेऊन शाळेत आले आणि म्हणाले, “मॅडम, परीक्षेत याचे मार्क मिळणार का?” मी म्हटलं, “नाही.” ते म्हणाले, “मग कशाला?” मी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि बर्लिनच्या छापखान्याची गोष्ट सांगितली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली. मग खिशातून पेन काढलं आणि सही करता करता विचारलं, “मगरिबच्या आधी परत याल ना?”