पंखा चालू ठेवून

मागच्या मे महिन्यात, नवतपा सुरू असताना, आई ओट्यासमोर उभ्या उभ्या खाली बसली. पडली नाही. कणकेचा हात भिंतीला टेकवत हळूहळू बसली. मी हॉलमध्ये कूलरसमोर लॅपटॉप घेऊन मीटिंगमध्ये होतो. कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या तरी गॅस कोणी बंद करेना, म्हणून उठलो.

नागपूरचा पारा 45 च्या पुढे जातो हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. स्वयंपाकघरातला पारा मात्र कोणी सांगत नाही. आमच्या स्वयंपाकघरात कूलर नाही. पंखा आहे, पण गॅस पेटवला की ज्योत फडफडते, म्हणून तो बंद करावा लागतो. म्हणजे मे महिन्याच्या भर दुपारी घरात पंखा बंद करून उभी राहणारी एकच व्यक्ती, आणि ती चाळीस पोळ्या लाटतेय. हे मी लहानपणापासून बघत होतो. बघत होतो म्हणजे काय, तर पोळ्या खात होतो.

डॉक्टरांनी दोन दिवस आराम सांगितला. मी त्याच रात्री फोनवर इंडक्शन शोधायला लागलो.

बर्डीतल्या दुकानात आधी मला वेगळंच काहीतरी दाखवलं. "भैया, ये लेके जाओ, कोई भी बर्तन चलेगा." ती इन्फ्रारेड शेगडी होती. तिच्यात काचेखालची तार लाल होते, मग काच तापते, मग भांडं. म्हणजे पुन्हा खोलीत एक तापलेली वस्तू. इंडक्शनमध्ये काचेखालच्या कॉइलचं चुंबकीय क्षेत्र सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होतं आणि भांड्याचं लोखंडी बूड स्वतःच तापतं. काच तापते ती भांड्यामुळे, तेवढीच. मला नेमकं हेच हवं होतं.

पण विकत घेण्याआधी मित्राचं हॉस्टेलच्या काळातलं स्वस्त इंडक्शन आणलं आणि आठवडाभर दुपारचा स्वयंपाक मी केला. आई हॉलमध्ये कूलरसमोर बसून सूचना देत होती. माझ्या सगळ्या ऑनलाइन अभ्यासापेक्षा हा आठवडा जास्त कामाचा ठरला.

सगळ्यात कमी आचेवर दूध ठेवलं, तर ते वर यायचं, खाली बसायचं, पुन्हा वर यायचं. ही स्वस्त यंत्रं आच कमी करतच नाहीत. काही सेकंद जोरात चालतात, काही सेकंद बंद राहतात. भाकरीच्या मधोमध रुपयाएवढा काळा डाग पडला आणि कडा कच्च्या राहिल्या, कारण कॉइल लहान. आणि टचपॅनेलला कणकेचं बोट कळत नाही. मी तीनदा हात धुतले, तोवर फोडणी जळली. आतून आवाज आला, "काय करून राहिला बे?"

तेव्हा ठरलं: कॉइल रुंद हवी, मंद आच खरोखर मंद हवी आणि आच कमी-जास्त करायला गोल फिरवायची खुंटी हवी. वॉट, प्रीसेट, डोसा मोड वगैरे सगळं नंतर.

मग फ्रिजवरचं चुंबक काढून भांड्यांच्या मांडणीवर फिरवलं. एकवीस भांड्यांपैकी सहांनाच चिकटलं. अ‍ॅल्युमिनियमचा कुकर गेला, आजीचा पितळी गंज गेला, लग्नातली स्टीलची पातेलीही गेली, कारण सगळ्या स्टीलला चुंबक धरत नाही. तव्याला चिकटलं, पण त्याचं बूड फुगीर, काचेवर डुगडुगतो. इतवारीत जाऊन खिशातलं चुंबक लावून लावून एक कुकर आणि सपाट बुडाचा तवा घेतला. दुकानदार माझ्याकडे चोराकडे पाहावं तसा पाहत होता. यंत्र 2000 वॉटचं, ओट्याजवळचा प्लग सहा अँपिअरचा. वायरमन बोलावून मोठा पॉइंट काढावा लागला. खर्चाचं हे अर्धं प्रकरण जाहिरातीत नसतं.

पैसे वाचले का? मी सांगणार नाही की वाचले. दोन्ही वेळचा स्वयंपाक केला तर आमच्या मीटरवर रोज दोन-अडीच युनिट चढतात. उन्हाळ्यात कूलरमुळे बिल आधीच फुगलेलं, आणि 300 युनिट ओलांडली की पुढचा दर चढा. शिवाय मानकापूरच्या आमच्या गच्चीवरून कोराडीच्या चिमण्या दिसतात. आमच्या ओट्यावरची आग गेली, तरी कोळसा कुठेतरी जळतोच आहे, आणि त्या बाजूच्या लोकांचा उन्हाळा आमच्यापेक्षा सोपा नाही. हे मला रात्री गच्चीवर आठवतं. दुपारी आठवत नाही.

आईची हरकत वेगळीच होती. "अन् भरताचं वांगं कशावर भाजू? या काचेवर?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पापडालाही नव्हतं. म्हणून एक बर्नर आणि एक सिलिंडर ठेवला. लाइट गेली की तोच उपयोगी पडतो, आणि मे महिन्यात लाइट जातेच.

यंदा नवतपा लागला त्या दिवशी मी मुद्दाम साडेबाराला स्वयंपाकघरात डोकावलो. पंखा पाचवर होता. आई पोळ्या करत होती, पदर खांद्यावर, कपाळ कोरडं. मला जरा बरं वाटतंय तोच ती वळून म्हणाली,

"तो पंखा कमी कर आधी. पोळ्या वाळून राहिल्या."