ताहेरपूरचे आठ आणि पाच

2 मार्च 2022 रोजी पश्चिम बंगालमधल्या 108 नगरपालिकांचे निकाल लागले. 102 तेव्हाच्या सत्ताधारी तृणमूल काँग्रेसच्या खिशात गेल्या. वर्षभरापूर्वी विधानसभेत भोपळाही न फोडलेल्या डाव्या आघाडीला एकच मिळाली, नदिया जिल्ह्यातलं ताहेरपूर. रानाघाटहून कृष्णनगरकडे जाणाऱ्या लोकलला बीरनगरनंतर हे स्टेशन लागतं. बीरनगर म्हणजे जुनं उला, जमीनदारांचं नि देवळांचं, एकोणिसाव्या शतकातल्या तापाच्या साथीनं ओस पडलेलं. ताहेरपूरला असलं घराणं नाही. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी ते वसवलं आणि पत्ता विचारला तर अजूनही ए ब्लॉक, बी ब्लॉक असंच ऐकू येतं.

निर्वासितांचं गाव, म्हणून डावं, असं उत्तर झटकन सुचतं. त्यात तथ्य आहेच. पन्नासच्या दशकात वसाहतींच्या जमिनींसाठी निघालेल्या मोर्चांत लाल झेंडाच पुढे असे. पण या नात्याला दुसरी बाजूही होती. ज्या निर्वासितांना दंडकारण्यात धाडलं होतं (बंगाली निर्वासितांची गावं आपल्या गडचिरोलीत मुलचेरा, चामोर्शीकडे आजही आहेत), त्यांच्यातले हजारो लोक 1978 मध्ये डाव्यांचं सरकार आलंय या भरवशावर बंगालला परतले, सुंदरबनातल्या मरीचझापी बेटावर झोपड्या बांधून राहिले. 1979 मध्ये त्याच सरकारनं बेटाची नाकेबंदी केली नि पोलीस घालून त्यांना हुसकलं. माणसं मेली, किती, यावर अजून वाद आहे. निर्वासितांनी डाव्यांशी कायम इमान राखावं असं या इतिहासात काही नाही. आणि त्यांनी ते राखलेलंही नाही. रानाघाटजवळचा कूपर्स कॅम्प तर निर्वासितांचाच. 2017 च्या स्थानिक निवडणुकीत तिथल्या बाराच्या बारा जागा तृणमूलला मिळाल्या. खुद्द ताहेरपूर ज्या मतदारसंघात येतं, त्या रानाघाट उत्तर पश्चिममधून 2021 मध्ये भाजपचा आमदार निवडून आला.

कुणी म्हणेल, मग हा निव्वळ अपवाद. गटार, नळ आणि ओळखीचा उमेदवार यांचा कौल. असेल. नगरपालिकेच्या मतात याहून मोठं काही शोधूही नये. पण गटार-नळ तर 108 गावांत होते. त्याच निवडणुकीत साँइथिया, दिनहाटा, बजबज इथे मतदानाआधीच सत्ताधारी पक्षाचं बहुमत बिनविरोध ठरून गेलं होतं. तिथे ओळखीच्या उमेदवारालासुद्धा मत देण्याची सोय उरली नव्हती. ताहेरपुरात 13 प्रभागांत डाव्यांना 8 जागा मिळाल्या, तृणमूलला 5. बातम्यांनी आठ तेवढे मोजले, मला पाच महत्त्वाचे वाटतात. खर्चाचा हिशेब मागायला सभागृहात समोर पाच जण बसलेत, हे कूपर्स कॅम्पला 2017 मध्ये मिळालं नाही. या दोन गावांत माझं झुकतं माप ताहेरपूरला आहे, आणि उद्या तिथे आठ तृणमूलचे नि पाच डाव्यांचे झाले तरी ते तसंच राहील.