आधी आईंना विचारायला हवं होतं

माझे सासरे ऑगस्ट २०२१ मध्ये गेले. वर्षाच्या आत सण करायचा नाही, म्हणून २०२२ ची संक्रांत तशीच गेली. त्यानंतरच्या तीन संक्रांतींची ही हकिगत आहे. पहिल्या दोन वर्षी आम्ही चुकलो, तिसऱ्या वर्षी थोडं जमलं. अशी वेळ आज ना उद्या बऱ्याच घरांवर येते, म्हणून सगळं सांगते.

सासूबाईंना मी आई म्हणते. त्यांचा सगळा संसार नाशिकला, पंचवटीतल्या जुन्या वाड्यात झाला. तिथलं त्यांचं संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्या नात्यात प्रसिद्ध होतं. भोगीच्या आदल्या दिवशी त्या बाजारातून सुगडं आणायच्या. त्यात हरभरे, बोरं, उसाची कांडी, गाजर, गव्हाच्या ओंब्या, तीळ भरायच्या. वाण काय लुटायचं हे दिवाळीतच ठरलेलं असायचं. आता आम्ही इंदिरानगरला फ्लॅटमध्ये राहतो. मी नोकरी करते. सण कसा करायचा हे मला आईंनीच शिकवलं.

२०२३ ला संक्रांत १५ जानेवारीला होती, रविवार होता. मी म्हटलं, यंदा हळदीकुंकू करू. आई लगेच हो म्हणाल्या. दोन दिवस आधी तिळाचे लाडू त्यांनीच केले. चिक्कीच्या गुळाचा पाक त्या कधी घड्याळ बघून करत नाहीत. वाटीभर पाण्यात पाकाचा थेंब सोडतात, त्याची गोळी ताटलीवर टाकतात. टण्णकन वाजली की गॅस बंद. मग भाजलेले तीळ, दाण्याचं कूट, डाळं, वेलची. हाताला तूप लावून चटके सोसत भराभर वळायचे. त्या दिवशी दीडशे लाडू त्यांनी एकटीने वळले.

रविवारी पाच वाजता पहिली बेल वाजली आणि आई उठून आतल्या खोलीत गेल्या. दार लोटून घेतलं. मला वाटलं, साडी बदलायला गेल्या असतील. आठ वाजेपर्यंत त्या बाहेर आल्या नाहीत. बायका लाडू खाऊन म्हणत होत्या, "काय छान झालेत, कुणी केले?" मी म्हणायचे, "आईंनी." आणि पुढचीला कुंकू लावायचे.

माझी लेक तेव्हा आठ वर्षांची होती. तिने सगळ्यांसमोर विचारलं, "आजी का आत बसलीय? तिला बरं नाहीये का?" एक बाई घाईने म्हणाल्या, "हो बाळा, दमली असेल." मी काहीच बोलले नाही.

खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मला थोडं हायसं वाटलं होतं. त्या स्वतःहून आत गेल्या, त्यामुळे मला काही ठरवावं लागलं नाही. हे मला नंतर फार लागलं.

रात्री ताटं आवरताना मी विचारलं, "आई, तुम्ही बाहेर का नाही आलात?" त्या म्हणाल्या, "आपल्यात बसत नाहीत." म्हणजे नवरा गेलेली बाई हळदीकुंकवाला बसत नाही. आणि त्या भांडी पुसत राहिल्या.

त्याच्या आदल्या मे महिन्यात पेपरात हेरवाडची बातमी आली होती. कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातलं हे गाव. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव तिथल्या ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हाच कित्ता गिरवायला सांगितलं. आईंनी ती बातमी दोनदा वाचल्याचं मी पाहिलं होतं. बोलल्या काहीच नाहीत. मीही विचारलं नाही. तेव्हाच विचारलं असतं तर पुढचं वर्ष वाया गेलं नसतं.

२०२४ ला मी मनाशी पक्कं केलं की यंदा आई बाहेर बसणार. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत कधीही चालतं, म्हणून संक्रांतीनंतरचा रविवार धरला, २१ जानेवारी. सोसायटीच्या बायकांच्या ग्रुपवर मी निमंत्रण टाकलं. त्यात लिहिलं, "विधवा भगिनींनाही सन्मानाने आमंत्रण." मला वाटलं, चांगलं काम केलं. दहा-बारा जणींनी हात जोडल्याची, टाळ्यांची चित्रं टाकली.

तासाभराने तळमजल्यावरच्या एका ताईंचा मला एकटीला मेसेज आला. त्यांचे यजमान करोनात गेले. त्यांनी लिहिलं होतं, "आम्हाला वेगळं नाव देऊन बोलावू नका. नुसतं बोलावलं असतं तरी आले असते." त्या आल्या नाहीत.

आईंना मी काही सांगितलं नव्हतं. वाटलं, आयत्या वेळी सगळ्या आग्रह करतील आणि त्या तयार होतील. घर भरल्यावर मी त्यांना हात धरून बाहेर आणलं, खुर्चीवर बसवलं आणि कपाळाला कुंकू लावलं. दोघी-तिघींनी टाळ्या वाजवल्या. एकीने फोन काढला. आईंनी पदराने कपाळ पुसलं आणि उठून आत गेल्या. त्यांच्या पांढऱ्या पदरावर लाल डाग पडला होता. त्यापुढे मला काही दिसलं नाही. कार्यक्रम कसा संपवला, आठवत नाही.

रात्री त्या माझ्याशी स्पष्ट बोलल्या. "मला विचारलंस का? तेव्हा कुंकू पुसलं, तेव्हाही मला कुणी विचारलं नव्हतं. आज लावलंस, आजही नाही विचारलंस."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, पण दोन दिवस त्या माझ्याशी नीट बोलल्या नाहीत.

माझे मिस्टर म्हणाले, "हे सगळं बंदच करू. संक्रांतीला चार घरं गच्चीवर बोलवू, मुलं पतंग उडवतील, बाहेरून जेवण मागवू. पूजा नको, कुंकू नको, वाद नको." मलाही क्षणभर पटलं. आईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "करा. पण मग मला त्यात काय काम? मी देवापुढे सुगड ठेवते म्हणून ती संक्रांत आहे. नाहीतर मग तो नुसता रविवार."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्यांचं दुखणं काय होतं. सणातला देव त्यांना हवा होता. रोज काळारामाच्या दर्शनाला जाणाऱ्या घरातल्या त्या बाई आहेत. देवळात त्यांना कुणी बाजूला बसवत नाही. बाजूला बसवलं होतं ते आम्ही, आमच्या दिवाणखान्यात. देवाधर्माला फाटा देऊन आम्ही त्यांच्यासाठी काहीच सोडवत नव्हतो. उलट त्यांच्याकडे राहिलेलं शेवटचं कामही काढून घेत होतो.

गाठ थोडी सैल झाली ती २०२४ च्या नाताळात. आमच्या समोरच्या दारी राहणाऱ्या काकू शरणपूरच्या जुन्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातल्या. दिवाळीत आमचा फराळ त्यांच्याकडे जातो, नाताळात त्यांच्याकडून करंज्या, चकल्या आणि केक येतो. त्या वर्षी त्यांनी आम्हा सगळ्यांना २५ डिसेंबरला संध्याकाळी जेवायलाच बोलावलं. थंडीचे दिवस होते. आई शाल गुंडाळून आल्या.

काकूंचे यजमान बऱ्याच वर्षांपूर्वी गेले. जेवणाआधी त्यांचा मुलगा म्हणाला, "आई, प्रार्थना." सगळे उभे राहिले. काकूंनी डोळे मिटून मराठीत प्रार्थना केली. घरातल्यांची नावं घेतली, यजमानांचं नाव घेतलं, आमचंही घेतलं. मग केक त्यांनीच कापला. सुना, नातवंडं, आलेले पाहुणे, सगळे त्यांच्या हातून घेत होते. आई एकटक बघत होत्या.

जेवण झाल्यावर आईंनी त्यांना हळूच विचारलं, "तुमच्यात असं काही पाळत नाहीत का?" काकू म्हणाल्या, "कागदावर नाही हो. पण हे गेले तेव्हा दोन वर्षं मी दाराला नाताळची चांदणी लावली नाही. कुणी लावही म्हणालं नाही. तिसऱ्या वर्षी नातवाने वायर हातात दिली आणि म्हणाला, आजी तू लाव, मला उंची पुरत नाही. म्हणून लावली."

घरी आल्यावर आई काही बोलल्या नाहीत. मीही या वेळी गप्प राहिले. मुद्दाम.

मग ३ जानेवारी आला. सावित्रीबाई फुल्यांच्या जयंतीला लेकीचं शाळेत भाषण होतं. आदल्या रात्री ती आजीसमोर पाठ म्हणून दाखवत होती. पुण्यात १८५२ च्या जानेवारीत सावित्रीबाईंनी बायकांसाठी तिळगुळाचा समारंभ ठेवला होता आणि सगळ्या जातीधर्मांच्या बायकांनी एकाच जाजमावर बसायचं असं निमंत्रणातच सांगितलं होतं, हे त्या भाषणात होतं. आईंनी तिला थांबवलं. "एकाच जाजमावर? परत म्हण बरं." लेकीने परत म्हटलं.

दोन दिवसांनी आई तीळ निवडत बसल्या होत्या. मी शेजारी बसले आणि जे दोन वर्षांपूर्वी विचारायचं होतं ते विचारलं. "आई, यंदा कसं करू या? तुम्ही सांगाल तसं."

त्यांनी ताटावरून मान वर केली नाही. पण सगळं तयार होतं. "मला कुंकू नको. माझी सवय गेली, आता मला ते नको वाटतं. पण तिळगूळ मीच देणार. फूलही मीच देणार. कुणाला आग्रह करायचा नाही. आणि फोटो नाही."

एवढंच त्यांना हवं होतं. गेल्या वर्षी विचारलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.

एक शंका त्यांच्या मनात होती. त्यांनी आमच्या घरच्या गुरुजींना स्वतः फोन केला. गुरुजी म्हणाले, "संक्रांतीला तिळाचं स्नान, तिळाचं दान, तिळाचं भोजन, पितरांना तिळाचं तर्पण. दान कुणी करायचं यात भेद मला तरी माहीत नाही. वहिनी, तुम्ही खुशाल द्या." फोन ठेवल्यावर आईंचा चेहरा मोकळा झाला. मी कितीही पटवलं असतं तरी ते माझ्याने झालं नसतं. त्यांच्या श्रद्धेचा प्रश्न होता, उत्तरही तिथूनच यायला हवं होतं.

सिन्नरच्या आतेसासूबाईंना मात्र पटलं नाही. "दादा असते तर चाललं असतं का?" असं त्यांनी फोनवर विचारलं. आई म्हणाल्या, "त्यांना माझ्या हातचा तिळगूळ आवडायचा." फोन लवकर संपला.

२०२५ ला संक्रांत मंगळवारी १४ तारखेला होती. त्या दिवशी आईंनी देवापुढे सुगडं मांडली. कार्यक्रम १९ जानेवारीला, रविवारी ठेवला. निमंत्रण त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं. "रविवारी पाच ते आठ आमच्याकडे तिळगूळ आहे. सगळ्या बायकांनी, मुलींनी यावं. आजी." बस. कुणाचा वेगळा उल्लेख नाही.

माळ्यावरची जुनी सतरंजी काढली. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी कडेला चार खुर्च्या ठेवल्या. हळदीकुंकवाचा करंडा या वेळी मी हातात घेतला नाही. दारातल्या आरशापाशी ठेवला. ज्यांना लावायचं त्यांनी आरशात बघून आपलं आपण लावायचं. ही कल्पना आईंचीच. त्यामुळे कुणाला लावायचं, कुणाला नाही, हे बघायची वेळच कुणावर आली नाही. कुणाच्या कपाळाकडे कुणाचं लक्षही गेलं नाही.

पाच वाजले, पहिली बेल झाली, आणि आई आत गेल्या. माझ्या पोटात गोळा आला. पण मी दार ठोठावलं नाही. वीसेक मिनिटांनी त्या फिकट जांभळी साडी नेसून, हातात लाडवांचा डबा घेऊन बाहेर आल्या आणि सतरंजीवर बसल्या. पहिला लाडू त्यांनी समोरच्या काकूंना दिला. हात थरथरत होता. "तिळगूळ घ्या, गोड बोला," एवढं म्हणाल्या.

तळमजल्यावरच्या ताई आल्या. करंड्याकडे न वळता सरळ आईंजवळ येऊन बसल्या आणि निघेपर्यंत तिथेच होत्या. सोसायटीतली एक नवी नवरी हलव्याचे दागिने घालून आली होती. तिचा पहिला संक्रांतसण. आईंनी तिला सुगड दिलं, ती वाकून पाया पडली. सगळं गोड झालं असं मात्र नाही. एक वयस्कर बाई लाडू न घेता पाच मिनिटांत निघून गेल्या. आईंनी ते पाहिलं. मीही पाहिलं. त्यावर आम्ही दोघी काही बोललो नाही.

वाण म्हणून आईंनी जुन्या सुती साड्यांच्या पिशव्या शिवल्या होत्या. तीस पिशव्या होत्या, एक कमी पडली.

आमच्यासारखी वेळ आलेल्यांना माझं सांगणं थोडकं आहे. जिच्यासाठी करायचं तिला आधी विचारा, एकटीला, सणाच्या बऱ्याच आधी. ती नको म्हणाली तर तेही माना. निमंत्रणात कुणाची ओळख तिच्या दुःखावरून करून देऊ नका. लोकांसमोर कुंकू लावायला जाऊ नका, टाळ्या तर अजिबात नकोत. घरातलं माणूस देवधर्म मानणारं असेल तर बदलही त्याच वाटेने करा, आणि त्याला सणातलं खरं काम द्या. नुसती खुर्ची देऊन भागत नाही.

कार्यक्रम संपल्यावर आईंनी रिकामा डबा माझ्याकडे दिला. म्हणाल्या, "पुढच्या वर्षी गूळ दोन किलो जास्त आण. आणि पिशव्या चाळीस शिवू."

मी लगेच यादीत लिहून ठेवलं.