खो-खो आणि दहावीचं वर्ष

इथे सगळ्यांच्या आठवणी वाचतो, आज बडोद्याची एक माझी.

आमचं लहानपण दांडिया बाजारात गेलं. संध्याकाळी आधी जुम्मादादा व्यायाम मंदिर, मग अभ्यास, हा घरचा दंडक. उस्ताद जुम्मादादांचे शिष्य प्रो. माणिकराव. सयाजीराव महाराजांनी त्यांना 'राजरत्न' किताब दिला होता. कवायतीचे इंग्रजी हुकूम बदलून त्यांनी आपल्या भाषेतले आणले. मी काही त्यांना पाहिलं नाही, पण त्यांच्या शिस्तीत वाढलेली मंडळी आम्हाला शिकवायला होती. लेझीम चुकली की सगळी रांग पुन्हा पहिल्यापासून!

ज्या संस्थानात १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं, तिथेच पोरांच्या खेळांचाही विचार झाला. हुतूतू, खो-खो गल्लीत आधीपासून होतेच, पण गावागणिक नियम निराळे, त्यामुळे भांडणं फार. पुण्यात १९१४ साली खो-खोचे नियम बसवायला सुरुवात झाली. बडोद्यात हिंदविजय जिमखान्याने १९२३ साली हुतूतूचे नियम छापले, पुढच्याच वर्षी खो-खोचेही बडोद्यातून निघाले. नियम छापील झाले म्हणून तर शाळाशाळांत सामने होऊ लागले. खर्चही नाही. ना बॅट, ना बूट. दोन खांब आणि मोकळी जमीन. गरिबाचं पोरही कॅप्टन व्हायचं.

हे सगळं मी चारचौघांत अभिमानाने सांगतो. आता न सांगितलेलं सांगतो.

माझी मुलगी शाळेच्या खो-खो संघात होती. पळती चांगली, खांबाजवळ तर कुणाच्या हाती लागायची नाही. दहावीचं वर्ष आलं आणि मी तिचं मैदान बंद केलं. आंतरशालेय सामन्याला आठ दिवस राहिले होते. बाई घरी आल्या, म्हणाल्या, "एवढा सामना खेळू द्या." मी म्हटलं, "खेळून पोट भरत नाही." बँकेतला माणूस, हिशेब पक्का! पोर काही बोलली नाही. कपडे बदलून पुस्तक घेऊन बसली. त्यानंतर ती कधी मैदानावर गेली नाही.

गेल्या दिवाळीत नातीच्या शाळेचा विषय निघाला. पीटीचा तास आठवड्यातून एकदा, तोही गणिताच्या सर घेतात. मी तावातावाने बोलू लागलो. मुलगी शांतपणे म्हणाली, "बाबा, दहावीला मला गणितात किती मार्क होते?"

मला आठवेना.

"मलाही आठवत नाही. पण तो सामना आपण दोन गुणांनी हरलो, ते आठवतं."

तीस वर्षांनंतरही ती 'आपण' म्हणाली. मी तिची माफी मागितली. ती हसली, म्हणाली, "चला, चहा टाकते."

आता नातीला रोज संध्याकाळी मैदानावर मीच नेतो. परीक्षा असली तरी.