दाखल्याची वाट आणि चिंचोक्याची परीक्षा

आपल्या विद्यालयाच्या कार्यालयाबाहेर, शिष्यवृत्तीच्या सूचनाफलकाशेजारी, एक मोठी आकृती लावलेली आहे. चौकटी, बाण, शंकरपाळ्याच्या आकाराचे फाटे आणि आडव्या पट्ट्या यांनी भरलेला तो कागद प्रथम पाहणाऱ्यास वीजजोडणीचा नकाशा वाटतो. प्रत्यक्षात ती जात प्रमाणपत्र आणि त्यानंतरचे जात वैधता प्रमाणपत्र मिळविण्याच्या प्रक्रियेची आकृती आहे. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी ती संगणकावर काढली, आम्ही शिक्षकांनी तपासली आणि पालकांनी दुरुस्त केली. स्मरणिकेत निकालांची आणि क्रीडास्पर्धांची नोंद होतेच. त्यांच्या जोडीला या कागदाचीही हकीकत नोंदली जावी, असे आम्हांस वाटते.

आपल्या घरांत शिक्षणाची वाट पुस्तकाइतकीच दाखल्यावरून जाते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना केंद्र सरकारने १९४४ मध्ये सुरू केली. त्या काळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. तेव्हापासून आजपर्यंत या योजनेने किती पिढ्या उभ्या केल्या, हे या स्मरणिकेच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु शिष्यवृत्ती असो वा व्यावसायिक अभ्यासक्रमातील राखीव जागा असो, दाराशी प्रथम विचारला जातो तो कागद. तो वेळेत हाती नसेल, तर गुण असूनही वर्ष जाते. आमच्या एका माजी विद्यार्थिनीचे असेच एक वर्ष गेले. तिचा अर्ज एका कार्यालयाच्या टेबलावर पडून राहिला. अर्जाची पोच तिला दिली गेली नव्हती, त्यामुळे तो अर्ज कधी आला आणि कोणाकडे आहे हे सांगण्यास कोणीही बांधील नव्हते. पुढील वर्षी ती शिकू लागली, ही समाधानाची गोष्ट. परंतु तिच्यामागून येणाऱ्यांनी तीच ठेच का खावी, या प्रश्नातून ही आकृती जन्मली.

एखादे काम कोणत्या पायऱ्यांनी पार पडते हे चित्ररूपाने मांडण्याची रीत कारखान्यांतून आली. अमेरिकेतील फ्रँक आणि लिलियन गिल्ब्रेथ या दांपत्याने १९२१ मध्ये यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेपुढे अशा प्रक्रिया-तक्त्यांची पद्धत मांडली. पुढे १९४७ मध्ये त्याच संस्थेने तक्त्यांसाठी पाच खुणा प्रमाण ठरविल्या: कृती, वाहतूक, तपासणी, थांबणे आणि साठवण. त्यांतील चौथ्या खुणेकडे आम्ही विद्यार्थ्यांचे लक्ष मुद्दाम वेधले. काम पुढे सरकत नसले तरी वेळ जात असतो, म्हणून थांबणे हीदेखील एक पायरी मानून ती कागदावर दाखविली पाहिजे, हे त्या अभियंत्यांनी ओळखले होते. एकविसाव्या शतकात बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खाती यांच्या कामकाजासाठी ‘बीपीएमएन’ नावाची चिन्हलिपी तयार झाली. तिची पहिली आवृत्ती २००४ ची, दुसरी २०११ ची. २०१३ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. या लिपीत वर्तुळ म्हणजे आरंभ किंवा शेवट, गोल कोपऱ्यांची चौकट म्हणजे काम, शंकरपाळा म्हणजे वाट फुटण्याची अथवा जुळण्याची जागा, आणि आडवी पट्टी म्हणजे ते काम करणारी व्यक्ती वा कार्यालय. एवढी ओळख झाली की आठवीचा विद्यार्थीही आकृती वाचू शकतो.

आमच्या संगणककक्षात ‘ड्रॉ.आयओ’ ही मोफत प्रणाली आहे. ती एकदा संगणकावर बसविली की इंटरनेटवाचून चालते. पावसाळ्यात चिखलदऱ्यावर धुके उतरले की वीज आणि नेटवर्क दोन्ही बेभरवशाचे होतात, हे जाणणाऱ्यांस या सोयीचे महत्त्व कळेल. डाव्या बाजूच्या खणातून चौकट उचलावी, कागदावर ठेवावी, तिच्या कडेवरील बिंदूपासून बाण ओढून पुढील चौकटीच्या बिंदूला चिकटवावा. बाण नीट चिकटला असेल, तर चौकट हलविताच तोही तिच्याबरोबर सरकतो. न चिकटलेला बाण मागे लोंबत राहतो. काढण्याचे काम मुलांनी दोन तासांत आत्मसात केले. खरी मेहनत लागली ती काय काढावे हे ठरविताना.

त्यासाठी आम्ही मूळ नियमांकडे गेलो. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये माधुरी पाटील प्रकरणात दाखल्यांच्या पडताळणीची कार्यपद्धती १५ मुद्द्यांत घालून दिली. ते १५ मुद्दे म्हणजे शब्दांत लिहिलेली प्रक्रिया-आकृतीच आहे. त्यानंतर महाराष्ट्राचा २००१ चा २३ वा अधिनियम आला आणि २०१२ मध्ये अनुसूचित जातींच्या दाखल्यांसाठीचे नियम आले. जात प्रमाणपत्र उपविभागीय अधिकारी देतात. आपल्या तालुक्यासाठी ते धारणीला बसतात. पडताळणी समिती करते. अनुसूचित जातींसाठी जिल्हा समिती आहे, तर आपल्या कोरकू विद्यार्थ्यांसाठी आदिवासी विकास विभागाची वेगळी समिती आहे. कागदपत्रांवरून समितीचे समाधान झाले तर वैधता प्रमाणपत्र मिळते. न झाल्यास दक्षता पथकाकडे चौकशी जाते, अहवाल येतो, अर्जदारास म्हणणे मांडण्याची संधी मिळते आणि मग निर्णय होतो. मूळ प्रमाणपत्रच नाकारले गेले, तर ३० दिवसांत अपील करता येते. समितीच्या निर्णयाविरुद्ध मात्र थेट उच्च न्यायालयात जावे लागते. या साऱ्यांची चित्रे करून मुलांनी पहिली आकृती तयार केली. ती दिसावयास देखणी होती.

देखणी आकृती बरोबर आहे की नाही, हे कसे ठरवावे? पहिली तपासणी व्याकरणाची असते. प्रत्येक चौकटीत बाण येतो का, तीतून बाहेर पडतो का, शंकरपाळ्यातून निघणाऱ्या प्रत्येक वाटेवर ‘होय’ किंवा ‘नाही’ लिहिले आहे का, शेवटचे वर्तुळ गाठता येते का? मायक्रोसॉफ्टच्या ‘व्हिजिओ’ची २०१० ची आवृत्ती आली तेव्हापासून त्यात ही तपासणी करणारी सोय आहे; कळ दाबताच लोंबणारे बाण आणि नाव नसलेल्या चौकटी यांची यादी समोर येते. आमच्या मोफत प्रणालीत तशी सोय नाही. म्हणून आम्ही चिंचोके आणले.

चिंचोक्याची परीक्षा अशी. आकृतीचा छापील कागद जमिनीवर पसरावा, आरंभाच्या वर्तुळावर एक चिंचोका ठेवावा आणि बाणांप्रमाणे सरकवीत न्यावा. चिंचोका म्हणजे एका अर्जदाराचा एक अर्ज. साध्या शंकरपाळ्यापाशी तो एकाच वाटेने जातो. शंकरपाळ्यात अधिक चिन्ह असेल, तर दोन्ही कामे एकाच वेळी चालतात, म्हणून तेथे दुसरा चिंचोका हाती घ्यावा आणि दोन्ही वाटांवर एकेक चालवावा. पुढे जेथे अधिक चिन्हाचा शंकरपाळा पुन्हा येतो, तेथे दोन्ही चिंचोके पोहोचेपर्यंत कोणीही पुढे जावयाचे नाही. संगणकशास्त्रात यालाच टोकन म्हणतात, आणि मोठ्या कंपन्यांच्या आकृत्याही याच तत्त्वावर तपासल्या जातात.

पहिल्याच दिवशी एका ठिकाणी चिंचोका अडला. अनुसूचित जातीतून बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांसाठी प्रमाणपत्राचा नमुना वेगळा आहे. १९५६ च्या धर्मांतरानंतर केंद्राच्या सवलती बौद्धांना मिळण्यास १९९० ची घटनात्मक आदेशातील दुरुस्ती यावी लागली, तो इतिहास या एका फाट्यात दडलेला आहे. मुलांनी तेथे ‘बौद्ध आहे का?’ असा शंकरपाळा काढून दोन वाटा फोडल्या होत्या, ते योग्यच होते. परंतु त्या वाटा जेथे पुन्हा जुळतात तेथे अधिक चिन्ह पडले होते. चिंचोका एका वाटेने आला आणि जोडीदाराची वाट पाहत बसला. जोडीदार येणे शक्यच नव्हते, कारण दुसऱ्या वाटेने कोणी निघालेच नव्हते. डोळ्यांना निर्दोष दिसणाऱ्या त्या आकृतीत अर्जदार कायमचा कोंडला गेला होता. अधिक चिन्ह काढून साधा शंकरपाळा ठेवताच वाट मोकळी झाली. “सर, अर्ज असाच अडकत असेल काय?” असे एका मुलीने विचारले, तेव्हा वर्ग काही क्षण शांत झाला.

व्याकरण शुद्ध झाले, तरी आकृती खरी ठरत नाही. वाक्य निर्दोष असूनही खोटे असू शकते. म्हणून तिसरी परीक्षा आम्ही पालकसभेत घेतली. कागद भिंतीवर लावला, पट्ट्यांचा अर्थ समजावला आणि ज्यांनी ही वाट चालली आहे त्यांना बोलावे असे सुचविले. काही वेळ कोणी बोलेना. मग परतवाड्याकडील एक माउली पुढे आल्या. अर्जदाराच्या पट्टीत एकच चौकट होती: ‘आवश्यक कागदपत्रे गोळा करणे’. तीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “सर, ह्या एका डब्यात माहे चार दिवस गेले न् मजुरी बुडाली. तुमच्या कागदावर त्याले जागाच नाही.”

आकृतीची खरी दुरुस्ती येथून सुरू झाली. कार्यालयांच्या पट्ट्यांत आम्ही प्रत्येक टेबल दाखविले होते आणि सर्वांत जास्त चालणाऱ्या माणसाला एका चौकटीत बसविले होते. नियम कार्यालयासाठी लिहिलेले असतात, म्हणून त्यांवरून काढलेली आकृतीही कार्यालयाच्याच बाजूने पाहते. पालकांनी सांगितले तसतशी ती एक चौकट फुटत गेली: वंशावळ लिहिणे, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, आजोबांची शाळेच्या रजिस्टरातील नोंद, ती नसल्यास महसुली कागदांचा शोध, शपथपत्र, सेमाडोहमार्गे धारणी, परतवाड्यावरून अमरावती, आणि प्रत्येक फेरीमागे बुडालेला रोज. आज ती पट्टी सर्वांत लांब आहे.

या पट्टीत इतिहासाच्या शिक्षकास विशेष काम होते. पुराव्याचा प्रश्न दोन तारखांशी येऊन थांबतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०. त्या दिवशी आपले पूर्वज कोठे राहत होते, हे दाखवावे लागते. ज्यांना शाळेची पायरी चढू दिली गेली नाही, त्यांच्याकडून शाळेच्या रजिस्टराची अपेक्षा करणे हा या प्रक्रियेतील सर्वांत कठीण टप्पा होय. येथे वऱ्हाडचा इतिहास उपयोगी पडतो. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडले गेले, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. मेळघाट एके काळी एलिचपूर जिल्ह्यात होता, आणि तो जिल्हा १९०५ मध्ये अमरावतीत विलीन झाला. आजोबांच्या काळचा कागद कोणत्या नावाच्या दप्तरात शोधावा, हे या घडामोडींवरून उमगते. गावचे कोतवाल बुक हा असाच एक आधार आहे: ज्याची शाळेत नोंद नाही, त्याच्या जन्माची किंवा मृत्यूची नोंद तेथे सापडू शकते. म्हणून ‘शाळेची नोंद आहे का?’ या शंकरपाळ्याची ‘नाही’ ही वाट आता कोतवाल बुकाकडे जाते. पूर्वी ती वाट काढलेलीच नव्हती.

आणखी एक दुरुस्ती घड्याळाची. बीपीएमएनमध्ये चौकटीच्या कडेवर लहान घड्याळ बसविता येते. मुदत संपली की त्या घड्याळातून वेगळी वाट निघते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ या कायद्याने अधिसूचित सेवांच्या बाबतीत असे घड्याळ नागरिकाच्या हाती दिले आहे. मुदतीत सेवा मिळाली नाही किंवा नाकारली गेली, तर ३० दिवसांत पहिले अपील, मग दुसरे अपील, त्यानंतर सेवा हक्क आयोग. कसूर सिद्ध झाल्यास अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. मात्र हे घड्याळ सुरू होते ते पोच मिळाल्यावर. म्हणून ‘पोच घ्या, तारीख पाहा’ ही चौकट आम्ही लाल केली आहे. थांबण्याची जी खूण गिल्ब्रेथांच्या परंपरेतून आली, तीही आम्ही प्रत्येक टेबलापुढे ठेवली आणि तिच्याखाली दिवस लिहिण्यास रिकामी जागा सोडली.

पडताळणी असू नये, असे आमचे म्हणणे नाही. खोटा दाखला काढणारा आपल्याच एखाद्या लेकराची जागा घेतो. त्याला अडविणारी चाळणी हवीच. परंतु चाळणीची छिद्रे कोठे आहेत आणि खरा दाणा कोठे अडतो, हे दिसले पाहिजे. आकृतीमुळे ते दिसू लागले. ‘साहेब सांगतील तसे’ म्हणणारे पालक आता ‘आमचा कागद कोणत्या चौकटीत आहे?’ असे विचारतात. वैधतेच्या अर्जावर प्राचार्यांची शिफारस लागते, म्हणून तो अकरावी-बारावीत असतानाच भरावा, हेही आता सांगावे लागत नाही. बाणच ते सांगतो.

माजी विद्यार्थ्यांस आणि पालकांस एक विनंती. नियम बदलतात, खिडक्या बदलतात, संकेतस्थळे बदलतात. त्यांबरोबर ही आकृती न बदलल्यास ती वर्षभरात खोटी होईल. म्हणून कागदाच्या कोपऱ्यात आवृत्तीचा क्रमांक आणि तपासणीची तारीख असते, आणि दरवर्षी जून महिन्यात नवी तुकडी चिंचोके घेऊन बसते. आपल्यापैकी ज्यांनी अलीकडे हा दाखला काढला असेल, त्यांनी कोणत्या चौकटीत किती दिवस थांबावे लागले हे विद्यालयाच्या कार्यालयाकडे लिहून पाठवावे. जे महसूल खात्यात अथवा समितीच्या कार्यालयात नोकरीस आहेत, त्यांनी आपल्या टेबलाची पट्टी एकदा येऊन वाचावी आणि चुकले असेल तेथे पेन्सिलने खूण करावी. पेन्सिल फलकाला दोरीने बांधून ठेवली आहे.