छपरावर पिकणारी वीज

जर्मनीच्या नैर्ऋत्य टोकाला, ब्लॅक फॉरेस्टच्या पायथ्याशी फ्रायबुर्ग हे टुमदार शहर वसलं आहे. उंच मनोऱ्याचं जुनं चर्च आणि रस्त्याकडेने खळाळणारे पाण्याचे पाट पाहून बहुतेक प्रवासी परततात. मी मात्र ट्रामने वोबाँ भागाकडे गेले आणि तिथली सौर वसाहत पाहून आले.

रोल्फ डिश या वास्तुशिल्पकारांनी आखलेली ही ५९ घरं. लाकडी बांधणी, तऱ्हेतऱ्हेचे रंग. वर पाहावं तर कौलं नाहीतच! वीज करणाऱ्या तावदानांचंच छप्पर केलेलं. आपल्याकडे आधी इमारत होते, मग गच्चीवर टाकी येते आणि उरल्या जागेत पॅनेल बसतात. इथे आधी सूर्याची दिशा पाहिली, मग नकाशा काढला.

सगळ्या घरांच्या मोठ्या खिडक्या दक्षिणेला, आणि त्यांच्यावर छप्पर पुढे आलेलं. हिवाळ्यात सूर्य खाली कललेला असतो, तेव्हा ऊन थेट खोलीत येतं. उन्हाळ्यात तो वर चढला की तेच छप्पर सावली धरतं. खिडक्यांना तिहेरी काचा, त्यामुळे ऊब आत टिकते. कमी पडलीच, तर लाकडाच्या तुकड्यांवर चालणाऱ्या वोबाँच्या केंद्रातून नळाने उष्णता येते.

तुमच्यासारखाच माझाही पहिला प्रश्न, रात्री काय? रात्री शहराच्या तारांतून वीज घ्यायची, दिवसा उरलेली त्यांतच सोडायची. २००० साली झालेल्या कायद्याने अशा विजेला वीस वर्षं ठरावीक दर मिळू लागला. वर्षाचा हिशेब मांडला, तर ही घरं खर्चतात त्याहून जास्त वीज देतात.

ही श्रीमंतांची हौस, असं मात्र म्हणू नका हं! जवळच्या व्हील गावी अणुवीज केंद्र येणार होतं. १९७५ साली शेतकरी, द्राक्षबागायतदार आणि घरच्या बायका त्या जागेवर जाऊन बसल्या. केंद्र झालं नाही. मग वीज आणायची कुठून, याचं उत्तर या भागातल्या लोकांना शोधावंच लागलं.

ऊन तर आपल्याकडे त्यांच्याहून कितीतरी जास्त. गावोगावी जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहताहेत. पुनर्विकासाच्या सभेत आपण ओट्याची लांबी, कपाटांची जागा आवर्जून विचारतो. मैत्रिणींनो, सोबत आणखी तीन प्रश्न विचारा. गच्ची सोसायटीचीच राहणार ना? टाकीची आणि लिफ्टच्या खोलीची सावली कुठे पडणार? छपरापासून मीटरपर्यंत वायरींसाठी वाट ठेवली आहे ना? पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली आली तरी वीज बरीच घटते. तेव्हा टाकी शक्यतो उत्तरेच्या बाजूला घ्यायला सांगा. ओटा काय, पुढेमागे बदलून घेता येतो. गच्चीवरची टाकी एकदा बांधली की हलत नाही.