टाकी शेवटी आणा

वाचकहो, आपल्या घरात माशांची टाकी आणण्याचा विचार चालला असेल, तर माझी एकच विनंती आहे. टाकी सर्वांत शेवटी आणा. ही विनंती करण्याचा अधिकार मला ज्ञानाने नव्हे, तर एका चुकीने मिळालेला आहे. म्हणून ती चूक आधी सांगणे प्राप्त आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटरचे काम शिकवीत असत. ज्यांच्या बोटांना केसाएवढ्या फटीचाही अंदाज येत असे, त्या अण्णांना चार वर्षांपूर्वी पार्किन्सनचे निदान झाले. या आजारात हात थरथरतो हे आपण सारे ऐकून असतो. परंतु बारीक हालचाली मंदावतात, सदऱ्याचे बटण लावणे किंवा चिमटीत मोजके काही धरणे अवघड होऊन बसते, हे आजार घरात आल्यावाचून कळत नाही. औषधांच्या वेळा आणि व्यायाम यांच्यामधली दुपार त्यांना खायला उठत असे. म्हणून एके दिवशी मी बाजारातून काचेचे गोल भांडे आणि दोन गोल्डफिश घेऊन आले. "रोज पाणी बदला, बाकी काही लागत नाही," असे दुकानदाराने सांगितले. नवव्या दिवशी दोन्ही मासे मेले.

खाद्य टाकताना आपल्या बोटांतून जास्त सांडले आणि त्यानेच मासे गेले, असा निष्कर्ष अण्णांनी काढला. "माझ्या हातात आता काही देत जाऊ नकोस," एवढेच ते म्हणाले. दोन माशांची किंमत ती काय असणार. हे वाक्य मात्र मला फार महाग पडले.

त्यानंतर मी वाचू लागले, जाणत्यांना विचारू लागले. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात, आणि विष्ठा व उरलेले खाद्य कुजले की तो आणखी वाढतो. माशांना तो विषारी असतो. मुरलेल्या टाकीत त्याची विल्हेवाट लावणारे जिवाणू असतात. काही अमोनियाचे नायट्राइट करतात, तर काही त्या नायट्राइटचे पुष्कळसे निरुपद्रवी असे नायट्रेट करतात. हे जिवाणू मुख्यतः स्पंज, खडी, काच अशा पृष्ठभागांना चिकटून राहतात, आणि त्यांची वस्ती जमायला साधारणपणे ४ ते ६ आठवडे लागतात. थंड पाण्यात त्याहूनही अधिक. आमच्या भांड्यात ना फिल्टर होता, ना आम्ही वस्तीला वेळ दिला होता. रोज बदललेल्या नळाच्या पाण्यातील क्लोरीनचा जाच निराळाच. सांडलेल्या खाद्याने थोडी भर घातली असेल. पण खरा दोष त्या बोटांचा नव्हता. मी हे सारे कागदावर आकृती काढून अण्णांना समजावले. त्यांनी आकृती बराच वेळ पाहिली आणि विचारले, "मग फिल्टर केवढा लागेल?"

तेथून आमचे नियोजन सुरू झाले. मनात तीन फुटी टाकी होती; खिशात नव्हती. औषधे आणि फिजिओथेरपी भागवून अण्णांच्या पेन्शनमधून महिन्याला ५०० रुपये बाजूला निघत. तेव्हा आधी दीड फुटी टाकी, आणि पुढे जमेल तेव्हा मोठी, असे ठरले. पहिली सुमारे ४० लिटरची, दुसरी सुमारे १०० लिटरची. अण्णांनी एक नियम घातला. मोठ्या टाकीत उपयोगी पडणार नाही अशी वस्तू घेण्यापूर्वी दोनदा विचार करायचा. मात्र मोठ्या टाकीसाठी घेतलेली वस्तू लहान टाकीत घातक ठरणार असेल, तर ती आज घ्यायचीच नाही. या नियमाचा उत्तरार्ध बहुतेकजण विसरतात, असे आता माझे मत झाले आहे.

हीटरचेच पाहा. नाशिकच्या थंडीत तो हवाच. पुढे लागेल म्हणून २०० वॅटचा घ्यावा, असा मोह मला झाला. अण्णांनी गणित मांडले. त्याचा थर्मोस्टॅट चालू अवस्थेत अडकला, तर ४० लिटर पाणी तासाभरात ४ अंशांच्या आसपास तापेल. आपण बाजारातून परत येईपर्यंत माशांचे कालवण झालेले असेल. ५० वॅटचा हीटर तसाच अडकला, तर तासाला जेमतेम एक अंश चढेल, आणि कोणाच्या तरी लक्षात येण्याला अवधी मिळेल. म्हणून आज ५० वॅटचा एक, आणि मोठी टाकी आली की तसाच दुसरा. दोहोंपैकी एक बंद पडला तरी दुसरा पाणी अगदी गार होऊ देणार नाही.

फिल्टरच्या बाबतीत मात्र उद्याचा विचार आजच केलेला बरा. आम्ही दोन तोंडांचा एअर पंप घेतला आणि लहान टाकीतच दोन स्पंज फिल्टर बसवले. एकाने काम भागले असते. दुसरा केवळ मुरण्यासाठी ठेवला. मोठी टाकी येईल तेव्हा दोन्ही स्पंज जिवाणूंच्या वस्तीसह तिच्यात जातील, आणि माशांना पुन्हा विषारी पाण्यात दिवस काढावे लागणार नाहीत. स्पंज नळाखाली धुऊ नये, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळावा. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा, म्हणजे वीज गेली तरी नळीवाटे पाणी उलटे येऊन तो बिघडत नाही. दिव्याच्या नादी आम्ही फारसे लागलो नाही. तीन फुटी दिवा दीड फुटी टाकीवर बसतच नाही.

हे कुटुंबाचे पाक्षिक आहे, म्हणून दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. पाण्यात हात घालण्यापूर्वी सारे प्लग काढावेत, आणि प्रत्येक वायर आधी खाली झोकून मग सॉकेटकडे न्यावी, जेणेकरून ओघळलेले पाणी खालीच ठिबकेल. हाताला जखम असेल तर टाकीचे काम दुसऱ्याकडे द्यावे, एरवीही नंतर साबणाने हात धुवावेत, आणि पाणी काढताना नळी तोंडाने ओढू नये.

टाकी भरून, मासे न सोडता, रोज किंचित खाद्य टाकीत आम्ही दीड महिना थांबलो. शेजारची मुले येऊन "मासे कुठे आहेत?" असे विचारीत, आणि अण्णा त्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंची गोष्ट सांगत. मग सहा गप्पी आले. डासांच्या अळ्या खाण्यासाठी हौदांत सोडतात ते हेच. खाद्याचा प्रश्न औषधांच्या डबीने सोडवला. सात कप्प्यांची आणखी एक डबी आणली, वेगळ्या रंगाची. रविवारी मी तिच्यात सात दिवसांचे खाद्य भरते आणि अण्णा रोज एक कप्पा पाण्यावर उलटा करतात. हात थरथरला तरी पडते ते मोजकेच. मासे पाहून आजार हटतो, असे मी म्हणणार नाही. दुपारी चारला अण्णा डबी शोधतात, एवढेच मी पाहिले आहे.

स्टँडची गोष्ट राहिली. पाणी लिटरला एक किलो भरते; काच, खडी आणि स्टँड धरून तीन फुटी टाकीचे ओझे दीडशे किलोच्या घरात जाते. म्हणून स्टँड पहिल्यापासूनच तीन फुटी, लोखंडी चौकटीचा करून घेतला. वेल्डरला माप द्यायला मी एकटीच गेले होते. उंची खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या नजरेला सोयीची ठेवली, आणि पुढच्या बाजूचा खालचा आडवा दांडा लावू नका, असे सांगितले. चाकांची खुर्ची आली, तर तिची पायटेकणी आत सरकायला हवी, हे त्यामागचे कारण. घरी मी ते कोणालाही बोलले नव्हते.

स्टँड आला त्या दिवशी अण्णांनी चारही बाजूंनी हात फिरवून पाहिला. पुढच्या मोकळ्या जागेपाशी त्यांचा हात थांबला. मी स्वयंपाकघरात निघून गेले. थोड्या वेळाने त्यांनी हाक मारली. "अगं, पुढचा दांडा काढलास ते ठीकच केलेस. पण मग मागे एक तिरकी पट्टी लावून घे. नाहीतर भरल्यावर डुलेल."

दुसऱ्या दिवशी पट्टी लावून घेतली. आता त्या स्टँडच्या डाव्या अर्ध्या भागावर लहान टाकी आहे. उजव्या अर्ध्यावर अण्णांचा चष्मा आणि वर्तमानपत्र असते. सहा गप्पींचे किती झाले हे मोजणे आम्ही सोडून दिले आहे, त्यामुळे येत्या पाडव्याला मोठी टाकी आणायची असे ठरले आहे. सहा मिलिमीटरची काच घ्यावी, वरच्या कडेला पट्ट्या लावल्या की पुरेल आणि पैसेही वाचतील, असे माझे म्हणणे आहे. अण्णा आठ मिलिमीटरवर अडून बसले आहेत.